सगळ्या वर्गाचे डावे हात

बी.एड.च्या पहिल्याच आठवड्यात आम्हाला मोबाइलवर एक फॉर्म भरायला लावला. तुमची शिकण्याची पद्धत कोणती, हे तो फॉर्म सांगणार होता. ‘नवीन जागी जाताना तुम्ही नकाशा बघता, कुणाला तरी विचारता, की सरळ चालायला लागता?’ असले प्रश्न. शेवटी एक रंगीत चक्र गरगर फिरलं आणि मी डोळ्यांनी शिकणारी आहे असं जाहीर झालं. माझ्या शेजारची कानांनी शिकत होती आणि तिच्या पलीकडची हातापायांनी. आम्ही सगळ्या पदवीधर, दोघीतिघींना तर शाळेत जाणारी मुलं. पण प्राध्यापक बाईंनी आम्हाला डोळे, कान आणि हातपाय अशा तीन भिंतींना उभं केलं आणि फोटो काढला. मला तेव्हाच शिसारी आली होती. पण हजेरी त्या फोटोवरून लागणार होती, म्हणून मीही दात दाखवले.

खरं सांगायचं तर मी शिकते तोंडानं, आणि तेही आईसमोर. फरीदाबादच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये फ्रिज आणि ओटा यांच्यामध्ये एक माणूस कसाबसा मावेल एवढी जागा आहे. तिथं उभं राहून मी शाळेपासून प्रत्येक धडा आईला सांगत आले. शाळेत इंग्रजीत शिकलेलं तिला मराठीत सांगावं लागायचं, आणि त्यातच निम्मं गळून जायचं. आई पोळ्या लाटत असायची, माझ्याकडे बघायचीही नाही. पण मी पाठ केलेलं वाक्य फेकलं की लाटणं थांबायचं आणि ती विचारायची, “म्हणजे?” बस, एवढंच. “डेन्सिटी म्हणजे मास पर युनिट व्हॉल्यूम,” असं मी ऐटीत म्हणायची, ती “म्हणजे?” म्हणायची, आणि माझ्या लक्षात यायचं की मला ओ की ठो कळलेलं नाही. मग चिडचिड, रडारड, पुन्हा पुस्तक, पुन्हा ओटा. आई बारावी शिकलेली. माझ्या सगळ्या शिक्षकांनी मिळून मला जेवढं शिकवलं नाही तेवढं तिच्या त्या एका शब्दानं शिकवलं. माझ्या वर्गातल्या मुलांनी मला असं अडवावं, एवढ्याचसाठी मला शिक्षिका व्हायचं होतं.

पहिल्या सत्रात निबंध लिहायचा होता, ‘वर्गातील तंत्रज्ञानाविषयी भावी शिक्षिका म्हणून माझे विचार’. मी लिहिलं की तंत्रज्ञानामुळे प्रत्येक मूल आपल्या गतीनं फुलतं, शिक्षिका मार्गदर्शक होते, वर्गाच्या भिंती गळून पडतात. यातलं एक अक्षर माझं नव्हतं. इकडून एक परिच्छेद, तिकडून एक, आणि शेवटी ‘मला ठामपणे वाटते’. दहापैकी नऊ मिळाले. मी आईला ते वाचून दाखवलं. भिंती गळून पडतात तिथं ती म्हणाली, “म्हणजे?”

“काही नाही गं. लिहावं लागतं.”

“अच्छा,” असं म्हणून तिनं पोळी तव्यावर टाकली.

दुसऱ्या वर्षी सरावासाठी एका खासगी शाळेत पाठवलं. सहावीचा वर्ग, विषय विज्ञान, ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत. शाळेच्या फाटकावर ‘स्मार्ट स्कूल’ असं माझ्या उंचीच्या अक्षरांत लिहिलेलं. प्रत्येक वर्गात फळ्याच्या जागी एक मोठा काळा पडदा, त्याला सगळे पॅनल म्हणत. त्याच्यावर मुलांच्या बोटांचे चिकट डाग, कुणी पुसत नसे. उजेडात त्यावरचं दिसत नाही म्हणून खिडक्यांना जाड पडदे, आणि ते दिवसभर ओढलेले. बाहेर लख्ख ऊन आणि आत चाळीस मुलं अंधारात, डब्यांच्या आणि मोज्यांच्या वासात. त्या पॅनलवर तयार धडे असायचे. एक गोंडस आवाजाची बाई बोलायची, मधूनच टाळ्या वाजायच्या, आणि शिक्षिकेनं कोपऱ्यात उभं राहून ‘पुढे’ दाबायचं. मी त्या आवाजाचा इतका तिरस्कार करू लागले की रिक्षात बसल्यावरही तो कानात वाजला की दात आवळले जायचे.

त्याच्या जोडीला टॅबलेटवरची चाचणी. पंधरा सेकंदांत उत्तर दाबायचं. त्यावरून मुलांचे रंग ठरत, हिरवा, पिवळा, लाल. शिक्षकांच्या खोलीत मुलांबद्दल बोलताना त्यांची नावंसुद्धा कुणी घेत नसे. “मेरे यहाँ नौ रेड हैं यार, तुम्हारे?” असं चहा पिता पिता विचारत. टोमॅटोची पेटी उघडून बसल्यासारख्या.

खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर एक मुलगी बसायची. तीही लाल. ती बोलत नसे. घरी बोलते, असं तिच्या आईनं शाळेत सांगितलं होतं, पण वर्गात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. तिच्या खिडकीच्या पडद्याची दोन कड्या तुटलेल्या होत्या, त्यामुळे तिथून उन्हाची एक पट्टी आत येऊन तिच्या बाकावर पडायची. त्या बाकावर पेन्सिलीच्या बारीक बारीक रेघा होत्या, एकाशेजारी एक. मला वाटलं, कंटाळून गिरगटलंय. मी टिपिकल मास्तरीण होऊन म्हटलं, “बेंच क्यों गंदा किया?”

खिडकीच्या गजाची सावली बाकावर पडली होती, तिच्यावर तिनं बोट ठेवलं. मग ते बोट शेवटच्या रेघेवर ठेवलं. सावली आणि रेघ तंतोतंत जुळत होत्या. मग आदल्या दिवसाची रेघ, मग त्याच्या आदल्या दिवसाची. तिसऱ्या तासाची घंटा झाली की ती रोज गजाची सावली जिथं पडेल तिथं रेघ मारत होती, आणि ती सावली रोज केसभर आत सरकत होती. हिवाळा येत होता, सूर्य खाली उतरत होता, आणि अख्ख्या शाळेत ते फक्त या मुलीला दिसलं होतं. मी तिच्या शेजारी बाकावरच बसले. पॅनलवरची बाई टाळ्या वाजवत राहिली.

मी वर्गशिक्षिकेला हे सांगितलं. त्या वाईट नव्हत्या, दमलेल्या होत्या. म्हणाल्या, “मॅम, वो रेड है. सर्दी की छुट्टियों के बाद सारे रेड टॅबलेट रूम में जाएँगे, साइन्स और मॅथ्स में. ऊपर से ऑर्डर है.” टॅबलेट रूम म्हणजे जिन्याखालची एक खोली. तिथं कानाला हेडफोन लावून मुलांनी एकट्यानं त्याच त्या बाईचा आवाज ऐकायचा. खिडकी नाही. मी हट्टच धरला. शेवटी त्या म्हणाल्या, “आपके फायनल लेसन में प्रिंसिपल मॅम भी बैठेंगी ना? उनके सामने एक जवाब दे दे, बस. मुँह से. फिर मैं बात करके उसे क्लास में रखवा लूँगी.”

एक उत्तर. मला वाटलं, हे तर मी करीनच.

नोव्हेंबरात हवा विषारी झाली म्हणून शाळा बंद, वर्ग घरून. मोबाइलच्या पडद्यावर चाळीस चौकोन, त्यातला तिचा काळा. शाळा उघडल्यावर मी आधी तिचा बाक बघितला. शेवटच्या रेघेनंतर तिनं बरीच जागा रिकामी सोडली होती आणि पुढे नवी रेघ मारली होती. मधल्या न पाहिलेल्या दिवसांसाठी एवढी प्रामाणिक जागा मी तरी सोडली नसती.

शेवटच्या पाठासाठी मी ‘प्रकाश आणि सावली’ घेतलं, तिच्यासाठीच. टाचणात शेवटचा प्रश्न घातला, ‘रोज एकाच वेळी पडणारी सावली रोज तेवढीच लांब असते का?’ पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. वर्गात ते एकीलाच माहीत होतं.

मग मला सोपी गोष्ट सुचायला हवी होती, की मुलांना मैदानात न्यावं आणि काठी रोवावी. ती सुचली होती. पण परीक्षेच्या तक्त्यात ‘तंत्रज्ञानाचा वापर’ याला वेगळे गुण होते, आणि काठीला कुणी तंत्रज्ञान म्हणत नाही. म्हणून मी उन्हाविषयीचा पाठ अंधारात घ्यायचं ठरवलं. तुटक्या कडीच्या पडद्यातून पॅनलवर तिरीप येत होती, म्हणून आदल्या दिवशी तो पडदा मीच सेफ्टीपिनेनं बंद केला. तिच्या बाकाशेजारचा. माझ्या हातांनी.

त्याच दिवशी रंगीत तालीम घेतली. आमच्या कॉलेजात वरच्या बॅचकडून खालच्या बॅचकडे एक युक्ती येते. परीक्षकाला सगळा वर्ग उत्साही दिसला पाहिजे, आणि चुकून ज्याला येत नाही त्याला विचारलं जाता कामा नये. म्हणून मुलांना सांगायचं, येत असेल तर उजवा हात, येत नसेल तर डावा. पण हात सगळ्यांचा वर. ही युक्ती ऐकली तेव्हाच मला तिचा तिटकारा आला होता. तरी मी वर्गात उभी राहून म्हटलं, “जिसको आता है वो सीधा हाथ, जिसको नहीं आता वो उल्टा. कोहनी बिल्कुल सीधी.”

पहिल्या बाकावरची मॉनिटर म्हणाली, “पता है मॅम. पिछले साल वाली मॅम ने भी यही कराया था.”

मुलांना हसूही आलं नाही. त्यांच्या लेखी विज्ञान शिकवायला येणाऱ्या बाया हेच शिकवतात. मी शेवटच्या बाकाशी जाऊन त्या मुलीला हळूच म्हटलं, “लास्ट वाले सवाल पे तुम सीधा हाथ उठाना. मैं तुम्हीं से पूछूँगी. पक्का.” तिनं उजवा हात बाकावर, रेघांवर, पसरून ठेवला. मी त्याला हो समजले.

पाठाच्या दिवशी परीक्षक आणि प्राचार्य बाई बाजूला खुर्च्यांवर बसले. समोर काजू आणि चहा. माझी एक मैत्रीण फोटो काढायला पॅनलशेजारी उभी होती, कारण जागा आणि वेळ छापलेला फोटो लावल्याशिवाय पाठ झाला असं कॉलेज मानत नाही. सुरुवात झक्क झाली. मग सावलीच्या चित्रफितीत पॅनल अडकलं. एक कार्टून एक पाय हवेत धरून उभं, आणि त्याची सावली जागच्या जागी थरथरतेय. मी दाबलं. पुन्हा दाबलं. चार कोपऱ्यांतले चार ठिपके दाबून बघितले. परीक्षक काजू चावत होते, आणि तो आवाज मला मागून स्पष्ट ऐकू येत होता. पॅनल बंद करून चालू करण्यात माझ्या पस्तीस मिनिटांतली नऊ गेली. तेवढ्या वेळात एकदाही मला वर्गाकडे वळावंसं वाटलं नाही.

पॅनल सुरू झालं तेव्हा तीनच मिनिटं उरली होती. परीक्षकांनी घड्याळ बघितलं. मी शेवटचा प्रश्न विचारला. “क्या रोज़ एक ही टाइम पे परछाईं उतनी ही लंबी होती है?” चाळीस हात वर झाले. पहिल्या बाकावर पॅनलचा उजेड पडला होता आणि मॉनिटरचा हात उजवा होता. मी तिच्याकडे बोट केलं.

“यस मॅम, सेम होती है.”

“व्हेरी गुड!” मी म्हणाले.

उत्तर चुकीचं होतं. पण प्रत्येक उत्तरानंतर हसून ‘गुड’, ‘व्हेरी गुड’ म्हणायचं हे आमच्याकडून वर्षभर घोटून घेतलेलं, त्याचेही गुण असतात. माझं तोंड आपोआप उघडलं. पॅनलवर टाळ्या वाजल्या. घंटा झाली. परीक्षक उठून म्हणाले, “हंड्रेड परसेंट पार्टिसिपेशन! ऐसा कम देखने को मिलता है.” प्राचार्य बाईंनी मान डोलावली. आणि मी, मी चक्क खूश झाले. हे मला आज लिहितानाही किळसवाणं वाटतं. मुलांच्या रांगा खाली गेल्यावर मला आठवलं की मी मागे बघितलंच नाही. मी स्वतःला सांगितलं, तिनं हात वर केलाच नसेल.

संध्याकाळी फ्रिज आणि ओट्याच्या मध्ये उभं राहून मी आईला निकाल सांगितला. “शंभर टक्के सहभाग म्हणाले गं परीक्षक.”

“म्हणजे?”

“म्हणजे सगळ्या वर्गानं हात वर केले. हा बघ फोटो.”

आईनं चष्मा वर सरकवला आणि माझ्या हातातल्या मोबाइलकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. “ही सगळी मुलं डावखुरी आहेत का गं?”

मी सांगितलं, डावं काय आणि उजवं काय ते. आईच्या तोंडावर जे आलं ते मी यापूर्वी फक्त नासलेलं दूध ओतताना बघितलं होतं. मग तिनं पिठाचं बोट मोबाइलवर ठेवलं, फोटो मोठा केला, मागे सरकवला. “आणि ही?”

शेवटच्या बाकावर, सेफ्टीपिन लावलेल्या पडद्याशेजारी, अंधारात एक हात होता. मला एकदम कळेना तो कुठला. मी फोटोकडे पाठ करून उभी राहिले, माझा स्वतःचा हात वर केला, पुन्हा वळून बघितलं. उजवा होता. कोपर ताठ. सगळ्या वर्गात दोनच उजवे हात होते, आणि त्यातला चुकीचा मी निवडला होता.

“ती बोलायला वेळ लावते,” मी म्हणाले. “तीनच मिनिटं होती.”

“म्हणजे तुला आठवण होती तिची,” आई म्हणाली.

होती. हेच ते. नंतर मी कितीही म्हटलं की अंधार होता, पॅनल अडकलं होतं, तरी बोट पुढे करताना मनाच्या एका कोपऱ्यात मला माहीत होतं की मागे बघितलं तर थांबावं लागेल. परीक्षकासमोर चाळीस मुलांनी गप्प बसून एका मुलीच्या तोंडातून शब्द यायची वाट बघायची, याची मला भीती वाटली. तंत्रज्ञानाला नावं ठेवणं सोपं आहे. पंधरा सेकंदांत उत्तर न दिल्यास लाल, हा नियम टॅबलेटनं केला होता. मी तर तिला तेवढेही सेकंद दिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मी वर्गशिक्षिकेला फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, “हाथ तो सबका उठा है, मॅम.” मी उजवं-डावं सांगायला लागले आणि मधेच थांबले, कारण ते सांगायचं म्हणजे माझा पाठ खोटा होता हे सांगायचं, आणि माझी फाइल अजून सहीसाठी त्यांच्याच टेबलावर होती. मी म्हटलं, “जी, चलो, कोई बात नहीं.” एवढी मी भित्री आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं.

तो फोटो कॉलेजला फार आवडला. प्रवेशाच्या फलकावर तो छापला गेला, आणि तो फलक अजून फाटकावर आहे. मी येता-जाता मान खाली घालते.

सुट्टीनंतर शाळेचा शिक्का घ्यायला मी एकदाच गेले. सहावीचा वर्ग उघडाच होता. शेवटच्या बाकावर दुसराच मुलगा बसला होता, आणि रंगरंगोटीच्या वेळी बाक घासून लख्ख केला होता. मी जिना उतरून टॅबलेट रूममध्ये गेले. आत नऊ-दहा मुलं, ट्यूबलाइट, कोंदट हवा. हेडफोनच्या गाद्या तेलानं काळ्या पडून फाटलेल्या. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी तिच्यापाशी गुडघ्यांवर बसले आणि तिचे हेडफोन हळूच बाजूला केले. त्यातून टाळ्या ऐकू येत होत्या.

“उस दिन तुम्हें आता था ना?” मी विचारलं. “गलती मेरी थी. अब बताओ. मुझे कोई जल्दी नहीं है.”

ती माझ्याकडे बघत राहिली. या वेळी मी खरंच थांबले, कितीही वेळ थांबायची माझी तयारी होती. मग तिनं टॅबलेट खाली ठेवला आणि डावा हात वर केला. कोपर अगदी सरळ, मी शिकवलं होतं तसं.